मिठात जागं होणारं प्रथिन

आढावा समितीपुढे उभं राहून उत्कर्षा काळवाघेनं पहिल्याच वाक्यात जे सांगितलं, ते तिच्या गाईड कुसुम गद्रे यांनाही नवीन होतं.

"मी एका साध्या प्रोटीनला मिठाची सवय लावणार आहे," ती म्हणाली. "आणि त्याच्या आतल्या यंत्रणेला बोटसुद्धा लावणार नाही. फक्त बाहेरचा पृष्ठभाग बदलणार."

समितीचे अध्यक्ष डॉ. दिगंबर मेहेंदळे यांनी चष्मा कपाळावर सरकवला. सर शनिवार पेठेतले. त्यांच्या एका वाक्यामुळे प्रबंधाचा विषय बदललेले विद्यार्थी संस्थेत पुष्कळ होते.

"मीठ घातल्यावर गोष्ट जमते, हे भाजीच्या बाबतीतही खरं आहे," ते म्हणाले. "आपण त्यासाठी पीएचडी कशाला करताय?"

मागच्या रांगेत हशा झाला. उत्कर्षाही हसली.

"भाजी स्वतःला चिरत नाही, सर. हे चिरतं."

तिचं म्हणणं खरं होतं. काही प्रथिनांच्या मधोमध एक आगंतुक तुकडा असतो. प्रथिन तयार झालं की हा तुकडा स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडतो आणि जाता जाता मागे राहिलेली दोन टोकं एकमेकांना जोडून देतो. बाहेरून ना कात्री लागते, ना सुईदोरा. अशा तुकड्याला इन्टीन म्हणतात. मिठागरांच्या खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये तर काही असे इन्टीन सापडतात, की पाण्यात भरपूर मीठ असेल तरच ते कामाला लागतात. नाहीतर उसवलेल्या लोकरीसारखे नुसते पडून राहतात. उत्कर्षाला मिठाचं हे बटण एका साध्या, प्रयोगशाळेत रोज वापरल्या जाणाऱ्या इन्टीनवर बसवायचं होतं. ते जमलं, तर मीठ टाकेपर्यंत प्रथिन अर्धवट ठेवता येईल आणि मीठ टाकलं की पुरं करता येईल.

"खाऱ्या पाण्यातल्या प्रोटीन्सच्या अंगावर ऋणभारांची दाटी असते," तिनं पडद्यावरचं चित्र दाखवत सांगितलं. "सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे घडी बसत नाही. मीठ आलं की त्याचे कण या भारांभोवती जमतात, ढकलाढकली थांबते आणि घडी बसते. एकदा घडी बसली की आतली कात्री आपोआप चालते. म्हणून मी म्हणते, सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे."

"म्हणता खरं," मेहेंदळे सर म्हणाले. "पण घडी बसली की मोडली, हे मला रचनेत दिसलं पाहिजे. एकेक अणू कुठे आहे ते दाखवा. तोवर ही गोष्ट छान आहे, एवढंच मी म्हणेन."

"दाखवीन, सर."

बाहेर आल्यावर गद्रे मॅडम व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग थांबल्या.

"मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही 'फक्त' हा शब्द काढायला लावला असता."

"लावलाच असता."

"म्हणूनच नाही सांगितलं, मॅडम."

गद्रे मॅडमनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि केबिनचं दार उघडलं. रागावल्या की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाच कधी कळत नसे. ज्या साध्या इन्टीनवर उत्कर्षा काम करणार होती, त्याची रचना पहिल्यांदा मॅडमनीच उलगडली होती, आणि तो शोधनिबंध अजूनही जगभर वाचला जाई. त्या प्रथिनाचा कानाकोपरा त्यांना ठाऊक होता. म्हणून तर मेहकरहून निघालेली उत्कर्षा बाकीच्या सगळ्या संस्था सोडून पुण्याला आली होती.

लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर पुष्कर भावे बसे. तोही पीएचडीच करत होता, तिच्या एक वर्ष पुढे, आणि जन्मापासून नारायण पेठेत राहिल्यामुळे त्याला सगळ्या विषयांवर मत असे.

"तू बुलढाणा जिल्ह्यातली ना?" तो म्हणाला. "म्हणजे लोणारचं खारं सरोवर बघून लहानपणीच सुचलं असणार. मुलाखतीत सांगायला बेस्ट आहे."

"शाळेची सहल गेली होती लोणारला. बस लागल्यामुळे मी पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते."

"हे नको सांगूस मुलाखतीत."

उत्कर्षानं मॅडमनी उलगडलेली रचना संगणकावर घेतली आणि सगळ्या बाजूंनी फिरवून फिरवून पाहिली. पृष्ठभागावरच्या कोणत्या जागा बदलल्या तर आतल्या घडीला धक्का लागणार नाही, हे तिनं एकेक करून ठरवलं. सात जागा निघाल्या. त्या सातही जागी ऋणभार येतील असा जनुक तिनं तयार केला, तो बॅक्टेरियात घातला, आणि बॅक्टेरियांनी बनवलेलं नवं प्रथिन शुद्ध करून घेतलं.

मग परीक्षा. अर्धं प्रथिन मिठाच्या पाण्यात, अर्धं बिनमिठाच्या. ठरावीक वेळानं थेंब थेंब काढून जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, चढवायचे. जेलवर निळ्या पट्ट्या उमटतात. अखंड प्रथिनाची पट्टी वर राहते, कापले गेलेले तुकडे खाली जातात. मिठाच्या बाजूला वरची पट्टी बघता बघता विरळ झाली आणि खालच्या ठळक झाल्या. बिनमिठाच्या बाजूला वरची पट्टी जागच्या जागी.

"झालं की," पुष्कर म्हणाला. "पेढे आण."

उत्कर्षानं पेढे आणले नाहीत. तिनं बिनमिठाची नळी तशीच राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. खाली एक पुसट पट्टी आली होती. आणखी एक दिवस गेला तेव्हा ती तितकीशी पुसट राहिली नव्हती. मीठ नसतानाही प्रथिन सावकाश, गुपचूप स्वतःला कापत होतं.

पुष्करनं जेल उजेडात धरून पाहिलं. "पहिल्या दिवसाचाच फोटो दाखव ना. तोही खराच आहे. त्यापुढे ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"मीच सांगितलं होतं."

"मग तूच निस्तर."

पुढच्या आढाव्यात तिनं सगळ्यात आधी ती पट्टीच पडद्यावर दाखवली. बोलता बोलता घरची बोली तोंडात आली. "हे प्रोटीन गळून राह्यलंय, सर," ती म्हणाली. समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहून स्मित केलं. तिनं वाक्य दुरुस्त केलं नाही.

"प्रोटीन गळतंय की तुमचं गृहीतक गळतंय?" मेहेंदळे सरांनी विचारलं.

"ते रचना पाहिल्यावर कळेल. गळती कुठून आहे ते कळलं की मी ती बंद करीन."

"समजा, बंद झाली नाही?"

"तर माझं म्हणणं चुकीचं होतं, असं याच खोलीत येऊन सांगेन. पण चुकीचं नाहीये ते."

सरांनी कागदावर काहीतरी टिपलं. गद्रे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

रचना पाहायची तर आधी प्रथिनाचे स्फटिक हवेत. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून अणूंच्या जागा काढता येतात. प्रथिन मधेच स्वतःला कापून बसू नये म्हणून उत्कर्षानं त्याची कात्री आधी बोथट करून घेतली, म्हणजे जिथून काप सुरू होतो ती एक जागा निकामी केली. आत बोट लावणार नाही म्हणाली होती, पण हे फक्त फोटोपुरतं. खऱ्या प्रथिनाची कात्री शाबूत होती. मग शेकडो छोट्या खळग्यांत प्रथिनाचे थेंब वेगवेगळ्या द्रावणांबरोबर ठेवून दिले.

मिठाच्या थेंबांत लवकरच स्फटिक दिसले. सुबक, चौकोनी, धारदार कडांचे. सगळी लॅब सूक्ष्मदर्शकाभोवती जमली. उत्कर्षानं बारीक सुई घेतली आणि एकाला टोचली. प्रथिनाचा स्फटिक पाण्यानं भरलेला असतो, सुई लागली की लोण्यासारखा दबतो. हा दबला नाही. टचकन वाजून दोन तुकडे झाला.

"मीठ," ती म्हणाली.

"टेबल सॉल्ट," पुष्कर म्हणाला. "नारायण पेठेत वीस रुपये किलो."

जमलेले पांगले. उत्कर्षा मात्र खुर्चीत तशीच बसून राहिली, आणि उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. आपण चुकीच्या बाजूला शोधतोय, हे तिच्या लक्षात आलं होतं. मिठात प्रथिन नीट चालतं, तिथे काही अडचणच नव्हती. अडचण बिनमिठाच्या पाण्यात होती. तिथे बहुतेक प्रथिन उसवलेलं असणार, पण थोडं तरी घडीत राहत असलं पाहिजे, नाहीतर गळती झाली नसती. स्फटिक झाला तर त्या घडीतल्याचाच होणार.

"बिनमिठाच्या पाण्यात कोण स्फटिक करायला जातं?" गद्रे मॅडमनी विचारलं. "सैल प्रोटीन ते. स्फटिक होत नाही त्याचा."

"सैल आहे त्याचा होणार नाही. जे सैल नाही, त्याचा होईल. मला तेच हवंय."

मॅडमनी थोडा विचार केला. "हे मात्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कर."

खूप वाट पाहावी लागली. बरेचसे थेंब सुकले, काहींत नुसता गाळ बसला. शेवटी एका कोपऱ्यातल्या थेंबात सुयांसारखे बारीक स्फटिक आले. टोचल्यावर एक अलगद वाकला आणि विरघळल्यासारखा पसरला. या वेळी उत्कर्षानं कुणाला हाक मारली नाही. तळमजल्यावरचं क्ष-किरणांचं यंत्र मोकळं होईपर्यंत ती तिथल्या बाकावर बसून राहिली.

रचना उलगडली तेव्हा गळतीची जागा शोधावी लागली नाही, ती दिसलीच. तिनं बसवलेल्या सात ऋणभारांपैकी सहा मोकळे होते. सातवा शेजारच्या एका धनभाराला घट्ट धरून बसला होता. धन आणि ऋण, दोघांची ओढ, आणि मधे यायला मीठ नाही. त्या एका जोडीनं प्रथिनाचे दोन पदर आवळून धरले होते. म्हणजे ही गाठ तिनंच बांधली होती. ऋणभार बसवताना तिनं ढकलणाऱ्या शेजाऱ्यांचा हिशेब केला होता, जवळ ओढणाऱ्याचा राहून गेला होता.

ती चित्र घेऊन मॅडमकडे गेली. मॅडमनी ते बराच वेळ फिरवून पाहिलं.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तुझा सातवा बदल काढून टाक. गाठ सुटेल."

"सुटेल, पण ऋणभार कमी पडतील. मग मीठ नसतानाही घडी बसायला लागेल. त्यापेक्षा तो धनभारच काढते. त्याच्या जागीही ऋण बसवते."

"त्याला हात लावायचा नाही." मॅडमचा आवाज चढला नाही, पण पेन खाली ठेवलं गेलं. "तो धनभार ज्याच्यावर आहे तो लायसिन म्हणजे त्या प्रोटीनचा खांब आहे. तो हलवला तर घडीच बसणार नाही, नुसता गोळा होईल. मी लिहिलंय ते."

"वाचलंय मी, मॅडम. पण ते मीठ नसलेल्या पाण्यातलं आहे. मिठात त्याची गरज पडणार नाही, असं मला वाटतं."

"वाटतं."

"हो. म्हणून करून बघणार आहे."

"मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये, मॅडम. सांगतेय. तुमच्या पाठीमागे केलं असं व्हायला नको."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "गोळा झाला की मला दाखवायला आण," त्या म्हणाल्या.

आणि गोळाच झाला. बदललेलं प्रथिन बॅक्टेरियांनी बनवलं खरं, पण त्यांना फोडून ते द्रावण गरागरा फिरवल्यावर सगळं प्रथिन नळीच्या तळाशी पांढऱ्या, चिवट गोळ्याच्या रूपात बसलं. वरच्या पाण्यात काही नाही. पुष्करनं नळी हातात घेऊन तिरकी केली. गोळा हलला नाही. या वेळी तो चेष्टा करण्याच्या भानगडीत पडला नाही, आणि त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे उत्कर्षाला समजलं.

नळी तिनं टेबलावर ठेवून दिली. तिला राग आला होता, तोही स्वतःचाच. मॅडमचं म्हणणं खरं ठरलं होतं. दुपारी ती टपरीवर चहा प्यायला गेली आणि कप हातात निवत राहिला. बॅक्टेरियाच्या पोटात मीठ किती असतं, या प्रश्नाशी ती येऊन थांबली होती. फारच थोडं. मिठागरातल्या जंतूच्या मानानं जवळजवळ नाहीच. मग मिठाशिवाय ज्याची घडी बसता कामा नये, असं प्रथिन तिथे घडी घालून कसं बसेल? ते उसवलेलं राहणार, आणि उसवलेली प्रथिनं एकमेकांत अडकली की गोळा होणारच. मॅडम म्हणाल्या ते बरोबर होतं. तिनं म्हटलं तेही बरोबर होतं. तिला हवं होतं तसंच ते वागत होतं.

चहा तसाच ठेवून ती परत आली.

तिनं गोळा दाट यूरियात विरघळवला. यूरियात गुंता सुटतो आणि प्रत्येक प्रथिनाचा धागा सुटा होतो. मग ते द्रावण डायलिसिसच्या नळीत भरून खारट पाण्याच्या भांड्यात सोडलं. दवाखान्यात रक्ताचं करतात तशीच ही क्रिया: नळीच्या बारीक छिद्रांतून यूरिया बाहेर जातो, मीठ आत येतं, प्रथिन आतच राहतं. शेजारी दुसऱ्या भांड्यात तेवढंच प्रथिन बिनमिठाच्या पाण्यात.

सकाळी पुष्कर तिच्या आधी आला होता. तो भांड्यांपाशी वाकून उभा होता.

"बिनमिठाचं पुन्हा दह्यासारखं झालंय," तो म्हणाला. "मिठाचं मात्र नितळ आहे. मी हात लावलेला नाही."

उत्कर्षानं जेल लावला. मिठाच्या बाजूला वरची पट्टी जवळपास संपली होती. खाली तुकड्यांच्या पट्ट्या गडद, स्वच्छ उमटल्या होत्या. बिनमिठाच्या बाजूला सगळं वरच, अखंड. तिनं तो प्रयोग पुन्हा केला, आणि या वेळी बिनमिठाचं भांडं आठवडाभर ठेवलं. खाली एकही पट्टी आली नाही. मग त्याच गोठलेल्या प्रथिनाला पुन्हा यूरियात सोडवून मीठ दिलं, तर ते जागं होऊन कामाला लागलं.

दोन्ही जेल घेऊन ती गद्रे मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"गोळा झाला होता," ती म्हणाली. "दाखवायला आण म्हणाला होतात."

मॅडमनी दोन्ही जेल दिव्याखाली ठेवले. एकदा पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"खांब आहे तो," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मिठात खांबावाचून इमारत उभी राहते. हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही गोळा होईल म्हणाला नसतात तर मी तो फेकून दिला असता. झाला म्हणून विचार केला, का झाला असेल."

"बस," मॅडम म्हणाल्या. त्या उत्कर्षाला कधी बस म्हणत नसत. उभ्या उभ्याच काम उरके. "आता याची रचना काढायची. मिठातली. स्फटिकांचं आपण दोघी मिळून पाहू. मिठाच्या थेंबात प्रोटीनचा स्फटिक कसा करायचा, ते मी कधीतरी केलंय."

ते त्यांनी खरोखरच केलं होतं. साधं मीठ टाळून त्याच्या जागी दुसरं, सहजासहजी स्फटिक न होणारं मीठ वापरायचं, ही युक्ती त्यांचीच. दोघी खेटून बसून थेंब लावत. मॅडमचा हात अजून स्थिर होता. बोलणं कमी. मधेच त्या एखादा थेंब दाखवत आणि म्हणत, "हा नको," आणि तो खरंच नको असे. त्या रचनेनं उत्कर्षाचं म्हणणं शिक्क्यानिशी खरं केलं. मिठात नव्या प्रथिनाची आतली यंत्रणा मूळ प्रथिनासारखीच, तसूभरही फरक नाही. बदललं होतं ते फक्त बाहेरचं.

समितीपुढे मेहेंदळे सरांनी दोन्ही रचना एकमेकींवर ठेवून पाहिल्या. कुठे फट राहते का, ते शोधत राहिले. प्रश्न पुष्कळ विचारले, आणि उत्कर्षानं एकेकाचं उत्तर दिलं. जिथे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली.

"हरकत घ्यायला जागा ठेवलेली दिसत नाही," सर म्हणाले. "आमची जरा पंचाईत झाली." त्यांना ओळखणाऱ्यांना ही स्तुती आहे हे कळलं.

उत्कर्षाचा शोधनिबंध छापून आल्यावर नागपूरच्या एका गटानं तो जनुक मागितला. त्यांचं स्वतःचं एक प्रथिन होतं, वेगळंच, पूर्ण झालं की बनवणाऱ्या बॅक्टेरियालाच मारून टाकणारं, त्यामुळे त्यांना ते कधी पुरेसं मिळत नव्हतं. त्यात उत्कर्षाचा इन्टीन बसवला, तर मीठ देईपर्यंत ते अर्धवट, म्हणजे निरुपद्रवी राहणार होतं. उत्कर्षानं जनुक पाठवला, गोळा झाला तर घाबरू नका, असं सोबत कळवलं, आणि पुढच्या कामाला लागली. तरी रोज सकाळी ती मेल उघडून बघे. आपल्या हातात चालणारी गोष्ट परक्या हातात चालेलच असं नसतं.

एका शनिवारी उत्तर आलं. त्यांचा गोळा झाला होता. त्यांनी यूरियात सोडवला, मीठ दिलं, आणि त्यांचं प्रथिन स्वतःतला तुकडा काढून टाकून जुळलं होतं. सोबत जेलचा फोटो होता. खालच्या पट्ट्या तिच्या जेलपेक्षाही स्वच्छ.

तिनं फोटो मॅडमना दाखवला.

"यांनी आपल्यापेक्षा नीट केलंय," मॅडम म्हणाल्या.

"हो. यूरिया अजून हळू काढलाय त्यांनी."

"विचार त्यांना कसा काढला ते."

"विचारलं," उत्कर्षा म्हणाली. "सोमवारपासून आपणही तसंच करतोय."